बेवारशी फोटो

१

कामिनीचं काम दुपारी चांगलं व्हायचं, कारण एप्रिलच्या दुपारी जळगावात कुणी कुणाच्या दारात येत नाही. जितेंद्र एमआयडीसीत पाइपांच्या कारखान्यात गेलेला असायचा. मयुरी सकाळच्या शाळेतून येऊन, जेवून आतल्या खोलीत झोपलेली असायची. खिडकीत कूलर घरघरत असायचा आणि कामिनी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची. लोकांच्या बिघडलेल्या वेबसाइट दुरुस्त करून देणं हा तिचा व्यवसाय. सासरच्या काही बायकांना अजूनही वाटायचं की ती दिवसभर सिनेमे बघते, आणि तिनेही त्यांचा तो समज कधी मोडला नव्हता.

या खेपेचं काम समाजाच्या मंडळाचं होतं. मंडळाचे चिटणीस पितांबर नाना, धुळ्याचे निवृत्त मास्तर. मंडळाच्या साइटवर वधू-वर परिचय होता, गुणवंत विद्यार्थी होते, अध्यक्षांचं कुणीही न वाचलेलं मनोगत होतं. पण लोक उघडायचे ते श्रद्धांजलीचं पान. सुरतेला, पुण्याला पांगलेली मंडळी तिथे आपल्या गेलेल्या माणसाचं तोंड बघायला यायची.

जुना सर्व्हर बंद पडणार म्हणून कुणा हौशी भाच्याकडून साइट नव्या जागी हलवून घेतली होती. त्याने पानं नेली, फोटो नेले, पण कोणता फोटो कोणत्या पानाचा हे सांगणारे दुवे सगळे तोडून ठेवले. आता प्रत्येक नावावर एक कोरा चौकोन तेवढा दिसत होता. नाना बिचारे हवालदिल झाले होते.

"कामिनीताई, सुरतेहून एक बाई रडत होत्या हो फोनवर," ते म्हणाले. "आमच्या यांचा फोटो तुम्ही का काढून टाकला, म्हणे. मी काय सांगू त्यांना? आखाजीच्या आत सगळे फोटो जागेवर बसवा. आखाजीला लोक आपल्या माणसांची आठवण काढतात, तेव्हा पान कोरं नको."

आखाजी म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया, आणि ती जवळच आली होती. काम कटकटीचं पण सरळ होतं. प्रत्येक फोटो त्याच्या पानाला पुन्हा जोडायचा. एकाच फोटोच्या लहानमोठ्या नकला साचल्या असतील त्या उडवायच्या. आणि शेवटी ज्यांना कोणतंच पान उरत नाही असे फोटो पुसून टाकायचे. कामिनी त्यांना बेवारशी म्हणायची. नानांनी फाइलींना माणसाचं आणि गावाचं नाव दिलेलं होतं, हे मास्तरकीचे उपकार मानायचे.

जोडता जोडता तिला एक गंमत दिसली. फोटोंमधल्या कितीतरी माणसांच्या डाव्या खांद्यावर कुणाचा तरी हात होता. नुसता हात, मनगटापर्यंत. पुढचं सगळं चौकोनाच्या बाहेर गेलेलं. ती एकटीच हसली. खेड्यात म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा फोटो कोण काढतो? आधार कार्डावरचा असतो, तो कुणाला दाखवण्यासारखा नसतो. मग माणूस गेला की घरचे शेवटच्या लग्नातला घोळक्याचा फोटो शोधतात आणि त्यातलं तोंड कापून घेतात. मंडळात तर नियमच होता की फोटो अख्खा पाठवायचा, कापणार फक्त नाना. दुसऱ्या कुणाला त्या कामाला ते शिवू देत नसत. आणि मास्तरांनी जन्मभर वह्या तपासलेल्या असल्या, तरी फोटो कापणं त्यांना काही जमलेलं नव्हतं. कामिनीने ठरवलं की वेळ उरला तर हे फोटो आपणच नीट कापून द्यावेत.

२

दुसऱ्या दिवशी तिने तसे हातवाले फोटो बाजूला काढायला घेतले आणि तिचं हसू ओसरलं.

हात एकच होता.

हे तिला आधी अंगठ्यावरून कळलं. अंगठ्याचं नख काळंनिळं होतं, दारात सापडल्यावर होतं तसं. ना अंगठी, ना घड्याळ, ना बांगडी. पुरुषाचा की बाईचा, सांगता येऊ नये असा साधा सावळा हात. शिंदखेड्याच्या एका आजीच्या लुगड्यावर तो होता. पारोळ्याच्या एका दुकानदाराच्या सफारीवर होता. रंग उडून पिवळा पडलेल्या जुन्या फोटोत होता आणि मागच्या वर्षी मोबाइलवर काढलेल्या लख्ख फोटोतही होता. बोटं तशीच जराशी फाकलेली, अंगठा मानेकडे.

कामिनी घाबरट नव्हती. तिने या गोष्टीकडे कामातल्या चुकीसारखं पाहिलं. धुळ्यातले जुने स्टुडिओवाले एकाच कोटावर दहा जणांची डोकी चिकटवायचे, हे तिने लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. तिच्या स्वतःच्या आजोबांनी जन्मात कोट घातला नव्हता, पण भिंतीवर ते टायसकट होते. तसंच काहीतरी झालं असणार. नानांनी एक तयार धड ठेवलं असेल आणि त्यावर तोंडं बसवली असतील.

पण लुगडं वेगळं होतं, सफारी वेगळी होती, आणि हात त्या त्या कापडात रुतलेला होता. जिथे कापड पातळ होतं तिथे बोटांखाली त्याच्या चुण्या पडल्या होत्या. चिकटवलेल्या फोटोला चुण्या पडत नाहीत.

शिवाय ते नख. मयुरीचं बोट कपाटात सापडलं होतं तेव्हा तिचं नख असंच झालं होतं. मग ते हळूहळू वर सरकलं, गळालं आणि खालून नवीन आलं. इथे पिवळ्या फोटोत आणि लख्ख फोटोत नख एकाच जागी काळं होतं, केसभरही पुढे सरकलेलं नव्हतं.

कूलर तसाच चालू होता. कामिनीने उठून मयुरीच्या अंगावरची चादर सारखी केली, जी सारखी करण्याची गरज नव्हती, आणि मग पाणी पिऊन परत येऊन बसली.

३

जुन्या सॉफ्टवेअरची एक चांगली सवय होती. नाना चौकोन ओढून फोटो कापायचे, पण मूळचा अख्खा फोटो ते गुपचूप जपून ठेवायचं. कामिनीने जुन्या सर्व्हरवरून ते मूळ फोटो उतरवून घेतले. हाताचा धनी कोण ते एकदा बघून टाकू, म्हणजे जीव निवांत होईल, एवढाच तिचा हिशेब होता. प्रत्येक लग्नात मिरवणारा कुणी एखादा लांबचा मामा निघेल. असे मामा प्रत्येक समाजात असतात.

पहिला फोटो शिंदखेड्याच्या आजीचा. लग्नाचा मांडव, लाल मखमली पडदा, दोन ओळींत उभे असलेले नातेवाईक. आजी मागच्या ओळीत अगदी टोकाला. तिच्या उजवीकडे एक सून. डावीकडे कुणीच नाही. पडदा, त्याची झालर आणि खाली कुणाची तरी चप्पल. आणि आजीच्या डाव्या खांद्यावर तो हात.

कामिनीने फोटो मोठा केला. मनगट दिसलं. मनगटामागे पडदा लागला. कुणी पडद्यामागून हात घातला असेल, लग्नात पोरं अशा टवाळक्या करतातच. पण पडद्याला फट नव्हती आणि मनगट पडद्यातून आल्यासारखं दिसतही नव्हतं. जिथे ते संपत होतं तिथे पडदा नुसता पुढे चालू होता.

दुसऱ्या फोटोत मागे भिंत होती. तिसऱ्यात केळीचे घड बांधलेलं प्रवेशद्वार होतं आणि पलीकडे मोकळं शेत. प्रत्येक ठिकाणी माणूस ओळीच्या टोकाला, डावी बाजू रिकामी, आणि खांद्यावर हात.

तिने सहज म्हणून त्या पानांवरच्या तारखा पाहिल्या. लग्न कधीचं आणि माणूस कधी गेला. एकेकाची गाठ बसत गेली. लग्नानंतर येणारी आखाजी त्यांच्यापैकी कुणीच पाहिली नव्हती.

मग तिने स्वतःला चांगलं दटावलं. अगं, माणूस गेल्यावर शेवटच्या लग्नातला फोटो लावतात. म्हणजे फोटो मरणाच्या आधीच्याच लग्नसराईतला असणार. त्यात नवल ते काय? उलटं झालं असतं तर नवल. हा विचार इतका बिनतोड होता की तिला हायसं वाटलं, आणि त्या हायशा मनाने तिने राहिलेले सगळे फोटो त्या दिवशी पानांना जोडून टाकले. संध्याकाळी जितेंद्र आला तेव्हा ती वांगी भाजत होती. काय चाललंय असं त्याने विचारलं तेव्हा तिने नानांच्या कापाकापीबद्दल सांगितलं, पण नखाबद्दल सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो हसला असता, आणि त्या दिवशी तिला कुणी हसलेलं नको होतं.

४

सगळ्या पानांना तोंडं मिळाली. मग तिने बेवारशी फोटोंची झाडलोट सुरू केली. मंडळाची बोधचिन्हं, सत्कारांच्या शाली, धूसर आलेले नारळ. ती भराभर खुणा करत चालली होती. श्रद्धांजलीच्या फोल्डरमध्ये मात्र एकच फोटो उरला होता. फाइलीला नाव होतं, गाव होतं. पान नव्हतं.

तो तिच्या वडिलांचा होता.

रतिलाल आबा. शिंदखेड्याजवळच्या गावी स्वतःच्या शेतात रोज उभे असलेले, आदल्याच संध्याकाळी फोनवर तिच्याशी तिच्या भावाच्या लग्नाच्या पत्रिकेवरून भांडलेले. चौकोनात ते टोपी सारखी करून, ओठ मिटून, फोटोत हसायचं नसतं अशा समजुतीने बघत होते. डाव्या खांद्यावर हात होता. अंगठ्याचं नख काळंनिळं होतं.

कामिनीने खुर्ची पुढे ओढली. तिने मूळ फोटो उघडला. दिवाळीनंतर पारोळ्याला चुलतबहिणीचं लग्न झालं तेव्हाचा. ती स्वतः त्या फोटोत होती, मध्ये, मयुरीला कडेवर घेऊन, तोंड उघडं ठेवून काहीतरी बोलत. आबा टोकाला होते. त्यांच्या डावीकडे कुणी नव्हतं.

तिने नानांना फोन लावला. आवाज साधा ठेवायचा तिने प्रयत्न केला.

"नाना, आमच्या आबांचा फोटो श्रद्धांजलीत कसा?"

"अरे देवा. चुकून चढला असेल बेटा. लग्नाचे फोटो सगळे ग्रुपवर येतात. माझ्या फोनचं मला सगळं कळतं थोडंच."

"चुकून चढेल, नाना. पण तो कापलेला आहे. चौकोन कुणीतरी माउसने ओढल्याशिवाय फोटो कापला जात नाही."

पलीकडे नाना खाकरले. त्यांच्या घरातल्या पंख्याचा खटखट आवाज येत राहिला.

"मी कापल्याचं मला आठवत नाही," ते म्हणाले. "वय झालं माझं."

"आणि नाना, तो हात कुणाचा? सगळ्यांच्या खांद्यावरचा?"

या वेळी त्यांचा मास्तरकीचा आवाज पार उतरला होता.

"तुलाही दिसला का," ते म्हणाले. "मी तर प्रत्येक वेळी हात वगळूनच कापायचो, पोरी. म्हणून तर दुसऱ्या कुणाला कापू देत नव्हतो. घरच्या लोकांना कशाला दाखवायचं? माझ्या चौकोनात हात कधीच आलेला नाही."

कामिनीने समोरच्या चौकोनाकडे पाहिलं. हात होता.

"पुसून टाक तू," नाना म्हणाले. "तुझ्या आबांचा आहे तो पुसून टाक. आणि कुणाला बोलू नको."

तिने फोटो पुसला. नकला शोधून पुसल्या. जुन्या सर्व्हरवरचा मूळ पुसला, स्वतःच्या लॅपटॉपवरचा पुसला. पुन्हा शोध घेतला तेव्हा आबांच्या नावाने काहीच सापडलं नाही. साइट आरशासारखी लख्ख झाली होती. मग तिने आबांना फोन केला.

"काय वं पोरी, दुपारले फोन कसा कया?"

"असाच, आबा. तब्येत बरी शे ना?"

"माले काय व्हस? खांदा तेवढा जड शे. फवारणीना पंपना पट्टामुळे व्हई."

"कोणता खांदा?"

"डावा," आबा म्हणाले. "पारोळाना लगीनपाशीन जरा जडच शे. तू कवय येशी ते सांग. योगराजना लगीनले पाव्हनीसारखी येऊ नको."

ती म्हणाली की उद्याच येते. फोन ठेवल्यावर तिला रडू आलं आणि ते तिने येऊ दिलं. आखाजी तोंडावर आली होती.

५

योगराज हा तिचा धाकटा भाऊ. त्याचं लग्न आखाजीच्या आधी धुळ्याला ठरलं होतं, म्हणून घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. कामिनी मयुरीला घेऊन पोचली तेव्हा आई, झुंबरबाई, अंगणात खाटेवर पापड वाळत घालत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला काम सांगत होती. जितेंद्र थेट लग्नाच्या दिवशी येणार होता.

आबा ओट्यावर बसले होते. कामिनीने त्यांना नीट पाहिलं. गाल जरा बसले होते, पण लग्नघरात कुणाचे बसत नाहीत? जेवायला बसले तेव्हा त्यांनी भाकरी दोन्ही हातांनी मोडली नाही. डावा हात मांडीवर ठेवूनच ते जेवले. शिंदखेड्याच्या डॉक्टरांकडे ती त्यांना जबरदस्तीने घेऊन गेली. डॉक्टरांनी दाबून पाहिलं, एक्स-रे काढला, हाडाला काही नाही म्हणाले आणि मलम दिलं. आबांनी वाटेत ते मलम शेजाऱ्याच्या गुडघ्यासाठी देऊनही टाकलं.

दुपारी सगळे लवंडले होते तेव्हा ती त्यांच्या खाटेशी जाऊन बसली. आबा कुशीवर निजले होते. डाव्या खांद्याचा सदरा जरासा दबलेला होता, कुणीतरी बोटं टेकवावीत तसा. ती बघत राहिली. कापडच ते, निजल्यावर चुण्या पडणारच. तिने हात पुढे केला आणि मग तिला तो तिथे ठेववेना.

"काय दखस?" आबांनी डोळे न उघडता विचारलं.

"आबा, पारोळाना लगीनमा फोटो काढा ना आपण बठ्ठासनी. तवय तुमना खांदावर कोनी हात ठेया व्हता?"

"योगराजनी," आबा म्हणाले. "मांगेतून येईसन ठेया त्यानी. माले बरं वाटनं. कवय जवळ येस का तो?"

योगराज बाजूच्या खाटेवर मोबाइल बघत पडला होता. तो उठून बसला.

"आबा, तो फोटो तं मीच काढेल शे," तो म्हणाला. "मी समोर व्हतू."

आबांनी डोळे उघडले. ते मुलाकडे पाहून मग कामिनीकडे पाहत राहिले, आणि तिला कळलं की त्यांनाही आता काहीतरी समजलं आहे, किंवा आधीपासूनच थोडं समजलेलं होतं. थोड्या वेळाने त्यांनी मयुरीला हाक मारली. ती येऊन त्यांच्या डाव्या बाजूला बसू लागली तेव्हा त्यांनी तिला उचलून उजव्या बाजूला घेतलं.

६

लग्न दुपारच्या मुहूर्तावर होतं. धुळ्याच्या त्या कार्यालयात पंखे मोठे होते आणि वारा गरम होता. जेवणाच्या पंगती, बँडवाल्यांची घाई, नवरीच्या मामांचा रुसवा, सगळं जिथल्या तिथे झालं. कामिनी सकाळपासून आबांच्या मागे सावलीसारखी होती. ते नारळ द्यायला गेले की ही मागे, ते पाणी प्यायला गेले की ही मागे. जितेंद्रने एकदा तिला बाजूला घेऊन विचारलं, "तुझं काय चाललंय? भूत लागल्यासारखी फिरतेस."

"आबांना बरं नाही," ती म्हणाली. एवढंच खरं तिला सांगता आलं.

"मग त्यांना खुर्ची देऊया ना. फोटोच्या वेळी बसवू."

तिने तेही करून पाहिलं. पण स्टेजवर फोटोसाठी घरच्यांना बोलावलं तेव्हा आबांनी खुर्ची बाजूला सारली. मुलाच्या लग्नात बाप बसून फोटो काढत नाही, असं त्यांचं म्हणणं. फोटोवाल्याने नवरा-नवरीला मध्ये उभं केलं, आई नवरीच्या बाजूला, मग पाहुणे. आबा आपण होऊन नवऱ्याच्या बाजूला अगदी टोकाला जाऊन उभे राहिले. डावी बाजू रिकामी.

"बाबा, जरा आत सरका," फोटोवाला म्हणाला.

आबा सरकले नाहीत.

कामिनी खाली उभी होती. तिला दिसलं की त्यांच्या सदऱ्याचा डावा खांदा हळूच खाली दबला. कापडाला चुण्या पडल्या. वर काहीच नव्हतं, स्टेजचा पिवळा झोत होता आणि त्यात धूळ तरंगत होती. आबांचा चेहरा निवांत होता. तो निवांतपणा पाहूनच ती जास्त घाबरली, कारण भांडखोर माणूस असा निवांत झाला की तो जायला तयार झालेला असतो.

ती साडी सावरत स्टेजवर चढली आणि त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन चिकटून उभी राहिली.

"तू कसाले आठे?" आबा तिला कोपराने आत सारत पुटपुटले. "मझार जा. पोरजवळ जा."

"नही जात," ती म्हणाली.

तिने उजवा हात उचलला आणि आबांच्या खांद्यावर ठेवला. तिला कापड लागायला हवं होतं.

तिच्या तळव्याखाली बोटं होती. कोरडी, कोमट, माणसाच्या बोटांइतकीच जाड. ती जराशी फाकलेली होती आणि तिची बोटं त्यांच्या मधल्या जागांत बसली. अंगठ्याच्या टोकाला तिच्या बोटाला नख लागलं. ते ठेचलेल्या नखासारखं खडबडीत होतं.

ओरडावं, हात काढून घ्यावा, असं तिला फार वाटलं. काढून घेतला असता तर कुणी तिला नावं ठेवली नसती, कुणाला कळलंही नसतं. समोर फोटोवाला कॅमेरा डोळ्याला लावत होता. पहिल्या रांगेत जितेंद्रच्या मांडीवर मयुरी सरबत पीत बसली होती. बाजूला आबांच्या छातीचा भाता हळू, फार हळू हलत होता, पुढचा श्वास घ्यावा की नाही अशा विचारात असल्यासारखा.

कामिनीने ती बोटं घट्ट धरली.

"सोड त्यांना," ती ओठ न हलवता म्हणाली. "मी आहे ना."

क्षणभर काहीच झालं नाही. मग तिच्या हाताखाली तो हात उलटा झाला. तळव्याला तळवा लागला. कुणी ओळखीचं माणूस गर्दीत धरतं तसा त्याने तिचा हात एकदा धरला आणि सोडून दिला. तिच्या हाताखाली आता नुसता सदरा होता आणि सदऱ्याखाली वडिलांचा हाडकुळा खांदा. फ्लॅश चमकला.

"एकदम छान," फोटोवाला म्हणाला.

आबांनी मोठा श्वास घेतला. मान दोन्हीकडे वळवली, डावा हात वर करून गोल फिरवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर नेहमीचं चिडकं तेज परत आलं.

"आते हलका वाटस खांदा," ते म्हणाले. "इतला दिवसना पंप उतरी गया जसा." मग लगेच त्यांना नवरीकडच्यांनी वरण पातळ केल्याचं आठवलं, आणि ते योगराजच्या पाठीत एक थाप मारून स्टेजच्या पायऱ्या धडाधड उतरून भांडायला निघूनही गेले. आई मागून त्यांना हाका मारत होती.

कामिनी त्यांच्याकडे बघत तिथेच उभी राहिली. तिला इतका आनंद झाला होता की डोळे भरून आले. आबा आखाजीला ओट्यावर बसणार, आमरस ओरपणार, जावयाला न लागलेल्या सरकारी नोकरीवरून त्याला टोमणे मारणार. हे सगळं तिला स्पष्ट दिसत होतं. आपण तिथे असू का, हे तिने बघायचा प्रयत्न केला, तेव्हा मात्र तिला काहीच दिसेना.

तिच्या डाव्या खांद्यावर ओझं आलं होतं. फार नाही, पाण्याने भरलेला तांब्या ठेवावा इतकं. तिने मान वळवली नाही.

"आता ताई, जावई आणि छोटी, तुमचा एक घेऊ," फोटोवाला म्हणाला. जितेंद्र हसत वर आला. मयुरी त्याच्या हातातून सुटून धावत आली आणि नेहमीच्या सवयीने आईच्या डाव्या बाजूला बिलगू लागली.

"तिकडे नाही बाळा," कामिनी म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बरा निघाला. तिने मुलीला दोन्ही हातांनी उचललं, स्वतःच्या उजवीकडे जितेंद्रच्या पुढ्यात नीट उभं केलं आणि तिचे विस्कटलेले केस कानामागे सारले.

"मॅडम, थोडं आत या ना," फोटोवाला म्हणाला. "तुमच्या बाजूला जागा खूप राहतेय."

"राहू द्या," कामिनी म्हणाली, आणि कॅमेऱ्याकडे बघून हसली.